काकांना विचारून सांगतो

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आले की आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारात म्हणा, रावपुऱ्यात म्हणा, मंडळांच्या बैठका सुरू होतात. मांडववाला विचारतो, "आगाऊ किती देणार?" कार्यकर्ता म्हणतो, "काकांना विचारून सांगतो." प्रसादाला बुंदी की शिरा, तेही काकांनाच विचारायचं. काका दोन दिवस गावाला गेले की सगळं अडतं. पोरं आळशी नसतात हो. त्यांनी ठरवलेलं काकांनी चारचौघांत दोन-तीनदा फिरवलेलं असतं. मग कोण कशाला ठरवेल?

मला इथे बडोद्याचाच एक दाखला फार मोलाचा वाटतो. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला राज्यात ग्रंथालयं उभारायला बोलावलं. एवढा तज्ज्ञ माणूस; सगळ्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावून बसला असता तरी कुणी बोललं नसतं. पण त्याने १९११ मध्ये इथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला, माणसं तयार केली आणि १९१३ मध्ये तो परत गेला. काम थांबलं नाही. न्यूटन दत्त, मोतीभाई अमीन अशांनी ते पुढे नेलं. खेड्यातल्या वाचनालयाची तेव्हाची रीतही बघा: गावाने आधी वर्गणी जमवायची, मग पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालणार. पहिलं पाऊल गावाचं.

तर काका, सजावट ज्याच्याकडे आहे त्याला रक्कम ठरवून द्या. तेवढ्यात काय घ्यायचं ते तो बघेल, बिल नंतर दाखवेल. पडद्याचा रंग तुम्हाला पटला नाही तरी मांडवात बोलू नका. विजेची उघडी तार दिसली किंवा हिशेबात घोळ दिसला, तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. कुणी विचारायला आलं तर आधी "तुला काय वाटतं?" म्हणा, आणि तो बोलेपर्यंत खरंच थांबा. ही थांबण्याची सवय सगळ्यात अवघड असते.

आणखी एक. मूर्तिकाराचा नंबर, परवानगीचा अर्ज कुठे द्यायचा, गेल्या वर्षी कुणाला किती दिले, हे सारं तुमच्या मोबाईलमध्ये नाहीतर डोक्यात असतं. येत्या बैठकीत एक वही काढा. तुम्ही सांगा, पोरांना लिहू द्या, आणि वही त्यांच्याकडेच राहू द्या.

नमस्कार.