ताटातली नरोटी

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत चालणाऱ्या लहानशा वाचनालयात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीचे काम पाहतो. पावसाळा लागला की आमच्याकडे वर्दळ वाढते, कारण मृगापासून गणपतीपर्यंत या गावात संध्याकाळी घराबाहेर करण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि पावसातला वाचक बहुधा रहस्यकथाच मागतो. गेल्या आषाढात टिळकवाडीहून छत्री सावरत चालत येणारे एक निवृत्त हायस्कूल मास्तर आले, त्यांनी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी टेबलावर ठेवली आणि वहीत सही करण्याआधीच म्हणाले, "माणसं तीच आहेत हो, पण बोली दुसऱ्या गावची आहे." आज मी बोलणार आहे ते त्यांच्या या एका वाक्याविषयी.

त्यांनी परत केलेले पुस्तक स्वीडनमधल्या एका गाजलेल्या गुन्हेगारी कादंबरीमालेतले चौथे होते. या मालेचा जनक स्टीग लार्सन हा व्यवसायाने पत्रकार. अतिउजव्या, वंशद्वेष्ट्या संघटनांचा माग काढणाऱ्या 'एक्स्पो' नावाच्या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी तो एक होता. ९ नोव्हेंबर २००४ रोजी कार्यालयाची लिफ्ट बंद होती म्हणून तो सात मजले जिना चढून गेला आणि हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या पन्नासाव्या वर्षी गेला. त्या वेळी त्याच्या तीन कादंबऱ्या प्रकाशकाच्या हाती होत्या, पण छापून एकही आलेली नव्हती. २००५ ते २००७ या काळात त्या एकामागून एक आल्या आणि जगभर वाचल्या गेल्या. संगणकाच्या पोटात शिरून माहिती काढणारी, कमी बोलणारी, अन्यायाचा हिशेब मनात जपून ठेवणारी लिस्बेथ सालांदर आणि शोधपत्रकार मिकेल ब्लूमक्विस्ट ही जोडी घरोघरी पोचली, पण तिला घडवणाऱ्याला त्यातले काहीच पाहायला मिळाले नाही. पुढे प्रकाशकाने डाविड लागरक्रान्त्स या दुसऱ्या लेखकाकडून ही माला चालू ठेवली. त्याची तीन पुस्तके २०१५, २०१७ आणि २०१९ साली आली. त्यानंतर लेखणी कारिन स्मिर्नोफ या लेखिकेकडे गेली आणि २०२२ साली सातवे पुस्तक आले.

वाचकांच्या तक्रारी ऐकताना मला प्रथम एक गोष्ट बाजूला काढून ठेवावी लागते. लार्सनची सहचारिणी एव्हा गाब्रिएल्सन तीस वर्षांहून अधिक काळ त्याच्याबरोबर राहिली, परंतु दोघांचे लग्न झालेले नव्हते आणि मृत्युपत्रही कामी येण्यासारखे नव्हते, त्यामुळे स्वीडनच्या कायद्यानुसार सारे हक्क लार्सनच्या वडिलांकडे आणि भावाकडे गेले. ही माला दुसऱ्याने पुढे चालवण्याला तिने उघड विरोध केला. आमच्याकडच्या एका वाचक बाईंनी एवढे कळल्यावर चौथे पुस्तक हातातही घेतले नाही. सात-बाऱ्यावर नाव नसलेल्या बाईची गत काय होते हे मला कुणी सांगायला नको, असे त्या म्हणाल्या. त्यांचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण तो व्यवहाराविषयीचा राग आहे, आणि पुस्तक चांगले की वाईट याचे उत्तर त्यातून निघत नाही. पुष्कळ वाचक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग बिचाऱ्या नव्या लेखकाच्या प्रत्येक वाक्यात त्यांना वारसाहक्काचा खटला ऐकू येतो.

दुसऱ्या तऱ्हेची तक्रार बारीकसारीक तपशिलांची असते. लार्सनच्या पुस्तकांत माणसे सतत कॉफी पितात, लिस्बेथ बाजारातला गोठवलेला पिझ्झा गरम करून खाते, आणि घर लावायला निघाली की कोणते टेबल, कोणती खुर्ची, कोणता दिवा घेतला याची यादीच आपल्यासमोर येते. कुणा संपादकाला ती यादी कंटाळवाणी वाटेल. आमच्या वाचकांना मात्र ती किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी पाठ असते, आणि नव्या लेखकाच्या पुस्तकात एखादी कॉफी कमी झाली तरी ती त्यांना खटकते. मला यात चेष्टा करण्यासारखे काही दिसत नाही. ज्या माणसाबरोबर आपण दीड-दोन हजार पाने काढली त्याच्या सवयी आपल्याला ठाऊक असणारच.

मास्तरांची तक्रार या दोहोंपेक्षा वेगळी होती आणि तीच मला महत्त्वाची वाटते. सीमाभागातल्या माणसाचा कान बोलीच्या बाबतीत फार तिखट असतो. "काय करूलास?" असे कुणी विचारले की तो बेळगावचा किंवा चंदगडकडचा, हे आपण पाहण्याआधी ओळखतो. निपाणीकडचा माणूस कोल्हापुरी वळणाने बोलतो, खानापुराच्या खालच्या अंगाला शब्दांत कोकणीचा ओलावा येतो, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा "काय करतोयस?" म्हणाला की ओट्यावरच्या सगळ्या बायका एकमेकींकडे पाहून हसतात. अशा कानाच्या वाचकाला कथानक फसवू शकते, पण वाक्याची चाल फसवू शकत नाही. मास्तरांना पहिल्या वीस पानांतच कळले की सांगणारा बदलला आहे.

मात्र येथेच एक गोम आहे, आणि ती मी मास्तरांपुढे ठेवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मास्तर स्वीडिश वाचत नाहीत, मीही वाचत नाही. आम्ही वाचला तो इंग्रजीतला लार्सन. पहिल्या तीन पुस्तकांच्या इंग्रजी अनुवादावर रेग कीलंड हे नाव आहे, आणि ते टोपणनाव आहे. खरा अनुवादक स्टीव्हन मरे. इंग्रजी प्रकाशकाने मजकुरात केलेले फेरफार न पटल्यामुळे त्याने आपले खरे नाव पुस्तकावर येऊ दिले नाही. पहिल्या कादंबरीचे स्वीडिश नाव 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष' अशा अर्थाचे आहे, पण इंग्रजीत ते गेले आणि त्या जागी मुलीच्या पाठीवरचे गोंदण आले. चौथ्या पुस्तकाला लेखक नवा मिळाला आणि इंग्रजी अनुवादकही नवा मिळाला, जॉर्ज गोल्डिंग. सातव्याला पुन्हा लेखिका नवी आणि अनुवादिकाही नवी, सारा डेथ. तेव्हा मास्तरांच्या कानाला जी दुसऱ्या गावची बोली लागली ती लागरक्रान्त्सची किती आणि गोल्डिंगची किती, हे बेळगावात बसून कोण सांगणार? भालबा केळकरांच्या मराठीतून ज्यांना शेरलॉक होम्स भेटला त्यांना पुढे मूळ इंग्रजी होम्स थोडा परका वाटला, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. ज्याचा आवाज आपण आधी ऐकला तोच आपल्याला खरा वाटतो.

मूळ ग्रंथाला दुसऱ्याने हात लावण्याविषयीची सर्वांत कडक प्रतिक्रिया मात्र आपल्या मराठीतच नोंदलेली आहे, आणि तिला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, मध्ये घुसलेले पाठभेद काढले आणि शेवटी बजावून ठेवले:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताने भरलेल्या ताटात करवंटी आणून ठेवणारा, अशी ही संभावना आहे, आणि लागरक्रान्त्सवर चिडलेल्या कोणाही वाचकाला यापेक्षा नेमके शब्द सापडणार नाहीत. पण गंमत अशी की याच एकनाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले आणि पुढचे त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केले. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात श्रावणात ही पोथी लागायची, तेव्हा मी लहान होतो. वाचणारे आजोबा त्या जागी थांबल्याचे, किंवा ऐकणाऱ्यांपैकी कुणी मान वर केल्याचे मला आठवत नाही. लंकेत युद्ध ऐन रंगात आलेले असताना लेखक बदलल्याची चौकशी करायला कुणाला सवड होती?

हा फरक कशामुळे पडतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गावबाच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक तर गोष्ट नाथांची नव्हती, ती रामाची होती आणि सगळ्यांना आधीच ठाऊक होती. दुसरे म्हणजे गावबा नाथांच्या घरात वाढलेला होता. गुन्हेगारी कथामालेत यातले काहीच नसते. तिथे मालमत्ता असते ती पात्रांची, आणि ती लेखकाच्या एकट्याच्या डोक्यातून आलेली आहेत असे आपण धरून चालतो. खरे तर तसेही नसते. लार्सनने स्वतःच सांगितले होते की लिस्बेथ सुचली ती अस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालवाङ्मयातली द्वाड पिप्पी मोठी झाली तर कशी होईल या विचारातून, आणि ब्लूमक्विस्ट हे आडनावसुद्धा त्याच लेखिकेच्या बालगुप्तहेराचे आहे. म्हणजे लार्सनही एका अर्थाने कुणाची तरी गोष्ट पुढे नेत होता. फक्त त्याने नावाची पाटी बदलली आणि स्वतःचे बिऱ्हाड वेगळे थाटले.

मूळ लेखकालासुद्धा वाचक सोडत नाहीत. कॉनन डॉइलने १८९३ साली होम्सला राइखेनबाखच्या धबधब्यात ढकलले आणि दहा वर्षांनी परत आणले, तेव्हा कॉर्नवॉलमधला एक नावाडी त्याला म्हणाला की होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. डॉइलने स्वतः ही आठवण लिहून ठेवली आहे. नव्या लेखकांनी ती चौकटीत लावून टेबलावर ठेवावी, म्हणजे जीव हलका होईल. सोफी हॅना यांनी २०१४ पासून अगाथा ख्रिस्ती यांच्या प्वारो या गुप्तहेराला घेऊन कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. जुन्या निवेदकाचा, कॅप्टन हेस्टिंग्जचा, आवाज काढण्याच्या भरीस न पडता त्यांनी कॅचपूल नावाचा नवाच पोलीस अधिकारी निवेदक केला. आवाज वेगळा लागला तर तो कॅचपूलचा आहे, ख्रिस्तींची नक्कल फसली असे म्हणायची सोयच उरली नाही. कथानकाचा गुंता जास्त झाला ही तक्रार आमच्याकडेही आली, पण प्वारो परका वाटला असे फारसे कुणी म्हणाले नाही.

लागरक्रान्त्सविषयी माझे मत विचाराल तर मी मास्तरांइतका कठोर नाही. तो सफाईदार लेखक आहे. फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच याचे आत्मचरित्र त्यानेच शब्दांकित केले होते, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा त्याला सराव आहे. त्याची पुस्तके लार्सनपेक्षा आटोपशीर आहेत आणि वेग कुठे सुटत नाही. उणे आहे ते रागात. लार्सनची वाक्ये ओबडधोबड होती, पानेच्या पाने फाफटपसारा होता, पण बायकांवर हात टाकणाऱ्या पुरुषांविषयी आणि ते झाकणाऱ्या मोठ्या माणसांविषयी त्याच्या पोटात आयुष्यभराची आग होती, आणि ती बातमीदारी करताना, धमक्या झेलताना साठलेली होती. कॉफी आणि पिझ्झा कुणालाही उसने घेता येतात. ती आग उसनी घेतली की धूर फार होतो. स्मिर्नोफबाईंनी कथा स्टॉकहोममधून काढून स्वीडनच्या उत्तर टोकाकडच्या एका काल्पनिक गावात नेली. तो मुलूख त्यांचा स्वतःचा आहे, आणि मला तरी वाटते की त्यांच्या पुस्तकात राग पुन्हा कुणाच्या तरी मालकीचा झाला आहे. मास्तरांना हे पटत नाही.

हे सगळे स्वीडनचे आणि विलायतेचे झाले, पण प्रश्न आपल्या दाराशीही आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय, छोटू, काळापहाड यांना घराघरांत नेले. १९९६ साली ते गेले. आमच्या वाचनालयात त्यांच्या मोजक्या प्रती उरल्या आहेत, कव्हरे गेलेली, शिवण उसवलेली, आणि त्या मागणारे वाचक साठीच्या पुढचे आहेत. काळापहाड आज कुणी नव्याने लिहावा का, असे मी त्यांना विचारून पाहिले. एकाने "जरूर लिहावा" असे म्हणून लगेच अटी घालायला सुरुवात केली: मोबाईल नको, मुंबई तीच हवी, ट्राम हवी. म्हणजे त्याला नवे पुस्तक नको होते, त्याला आपले चौदावे वर्ष परत हवे होते. खाली दुकानात काज-बटणाचे काम करणारे गृहस्थ कन्नड वाचतात, आणि एन. नरसिंहय्यांच्या कादंबऱ्यांतला पत्तेदार, म्हणजे गुप्तहेर, पुरुषोत्तम हा त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. पुरुषोत्तमाचे नवे साहस दुसऱ्या कुणी लिहिले तर वाचाल का, असे विचारल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवला, दोन टाके घातले आणि मग सांगितले की वाचेन, पण बायकोला सांगणार नाही.

मास्तरांनी परत केलेली ती प्रत कपाटात लावण्यापूर्वी मी चाळून पाहिली. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये अशी पाटी आमच्या भिंतीवर आहे आणि तिचा उपयोग तुम्ही जाणताच. मधल्या एका पानावर समासात पेन्सिलीने, मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "लिस्बेथ असे बोलणार नाही." त्याच्या खाली, दुसऱ्या कुणाच्या तिरप्या आणि घाईच्या अक्षरात होते, "मग कसे बोलेल?" मी खोडरबर हातात घेतले आणि परत खणात ठेवले. ते पुस्तक सध्या शहापूरच्या एका कॉलेजकन्येकडे गेले आहे. तिने पहिली तीन पुस्तके वाचलेली नाहीत, आणि मंगळवारी ते परत येईल.