पस्तीस आले कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे तिसरीच्या एका वर्गाबद्दल. काळ जून २०२० ते त्या वर्षीची दिवाळी, म्हणजे पहिलं सत्र. कोरोनामुळे शाळेचं कुलूप उघडलं नव्हतं आणि मुलं घरी बसून फोनवर शिकत होती. त्या सत्रात मुलाला खरंच काय आलं आणि काय आल्यासारखं नुसतं दिसलं, हे ओळखायचं कसं, एवढाच आजचा विषय.

या मुलांची आधीची गोष्टही लक्षात घ्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. दुसरीतलं कितपत पक्कं झालंय, हे कुणीही न तपासता सगळी तिसरीत आली. दुसरीच्या शेवटाला असते हातच्याची वजाबाकी. तिसरीत तीच तीन अंकी होऊन पुन्हा येते.

त्या वर्षी शिकवण्याच्या वाटा कमी नव्हत्या. सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवरून रोजचे धडे येत होते. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सुरू झाली. आपल्या नाशिकमध्ये रेडिओ विश्वास या सामुदायिक रेडिओ केंद्राने शिक्षकांकडून तिसरी ते दहावीचे पाठ ध्वनिमुद्रित करून घेतले, इगतपुरीकडच्या मुलांना एफएम संचही मिळाले. शिक्षकाचा आवाज घराघरात पोचत होता. मुलाचा आवाज शिक्षकापर्यंत यायला मात्र एकच वाट होती: संध्याकाळी वडील बागेतून घरी आले की त्यांच्या खिशातला फोन.

आता त्या वर्गाची गोष्ट. निफाडकडची शाळा, द्राक्षबागांचा पट्टा. तिसरीच्या बाईंनी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाच वजाबाक्या टाकल्या. रात्रीपर्यंत वह्यांचे फोटो आले. समासाची रेघ सरळ, अक्षर नीट, आणि उत्तरं? सगळी बरोबर. ५२ वजा २७ बरोबर २५. एकूण एक वहीत २५.

बाईंना ते खटकलं. वर्ग भरत होता तेव्हा या गणिताला निम्मी मुलं अडायची, मग घरी बसून सगळी एकदम हुशार कशी झाली? काही वह्यांतले आकडे तर मुलांच्या हातचेच नव्हते. सातावर आडवी दांडी मारायची सवय मोठ्या बहिणीची, ते दिसतच होतं. मग बाईंनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातनंतर एकेकाला साधा फोन लावायला सुरुवात केली. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. आणि सांगितलं, वही मिटव, मी गणित सांगते, तू पाटीवर मांड आणि मोठ्याने बोलत सोडव. मोठ्याने बोलत, हे महत्त्वाचं.

पहिला मुलगा म्हणाला, पस्तीस. नंतरची मुलगी म्हणाली, पस्तीस. बाईंना वाटलं, दोघांची चूक एकच आहे. ही चूक सगळ्या शिक्षकांच्या ओळखीची असते: खालचा अंक मोठा दिसला की मूल उलटं वजा करतं. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन घालवतं. उरले पाच. पुढे पाचातून दोन गेले, उरले तीन. झाले पस्तीस.

बाईंनी दोघांना तेच समजावलं. वरच्यातूनच खालचा घालवायचा, जात नसेल तर शेजारच्या घरातून एक दशक घ्यायचा. मुलगा सुधारला. मुलगी? मुलगी पुन्हा पस्तीस म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं, तरी पस्तीस, आणि आता आवाज रडवेला.

मग बाईंनी समजावणं थांबवलं. म्हणाल्या, तू कसं केलंस ते फक्त सांग, मी मध्ये बोलणार नाही. ती सांगू लागली: “दोनातून सात जात नाही. एक दशक घेतला. झाले बारा. बारातून सात गेले, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन.”

ऐकलंत? हिने उलटं वजा केलंच नव्हतं. हिने दशक घेतला होता. फक्त ज्या घरातून घेतला, तिथे पाचाचे चार केले नव्हते. दोन वेगळ्या चुका आणि उत्तर मात्र एकच, पस्तीस. वहीच्या फोटोवरून हे कुणालाही कळलं नसतं. कळलं ते ऐकल्यामुळे.

त्यानंतर खराटा आला. बाईंनी सांगितलं, आईला विचारून जुन्या खराट्याचे हीर घे, बोटभर लांबीचे तुकडे कर, साठ तरी हवेत. दहा-दहा मोजून जुड्या बांध, वर केसांचं रबर लाव. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेव. आता त्यातून मला सत्तावीस दे. आधी सुट्या सात दे. “बाई, दोनच आहेत.” मग एका जुडीचं रबर काढ. फोनवर रबर ओढल्याचा बारीक आवाज आला, काड्या फरशीवर पडल्या. मोज. बारा. सात बाजूला ठेव. आता जुड्या किती आहेत? पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, “चारच आहेत, बाई.” आणि बाईंनी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “पाचाचे चार झाले.”

कागदावरचा पाच खोडला नाही तर तो पाचच राहतो. जुडी सोडली की पाच राहूच शकत नाही. म्हणून हीर. चित्रातल्या जुड्या पडद्यावर दाखवून हे होत नाही, रबर मुलानेच काढायला हवं. आगपेटीच्या काड्या मात्र नकोत, लहान मूल एकटं बसलेलं असतं. आणि काड्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर मूल मोजायच्या ऐवजी लांब कुठली, आखूड कुठली यातच रमतं.

जाता जाता एक सांगतो. हीच मुलं २०१९ च्या दुसरीच्या नव्या गणित पुस्तकाची पहिली तुकडी. एकवीस, बावीस यांना ‘वीस एक, वीस दोन’ असंही म्हणावं, या त्यातल्या सूचनेवरून राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती बोल लावले गेले, आठवतं ना? माझं मत स्पष्ट आहे: ती सूचना चांगली होती. बावन्न म्हणताना आपण दोन आधी बोलतो आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी येतो. मूल पंचवीस लिहून बसतं. त्यात फोनची रेंज खराब असली की एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सारखेच. फोनवर ‘पन्नास दोन’ म्हटलं की गणित नीट मांडलं जातं. पुढे बावन्न शिकवायचंच आहे, ते भाषेच्या तासाला शिकवा.

तर, वजाबाकी. ५२ वजा २७ या गणितात दोन्ही चुकांना पस्तीस का आले? कारण एककाच्या घरात सात आणि दोन यांच्यात फरक पाचाचा. उलटं वजा केलं तरी पाच, दहा मिळवून सरळ वजा केलं तरी पाच. म्हणून मुलाला तपासायचं असेल तर एककांत पाचाचा फरक असलेलं गणित देऊच नका. पुन्हा सांगतो, पाचाचा फरक नको. ४१ वजा १८ द्या. बरोबर उत्तर २३. ३७ आले तर मुलाने उलटं वजा केलंय. ३३ आले तर दशक घेतला, पण कमी करायचा राहिला. उत्तरावरूनच चूक ओळखू येते आणि मूल रडवेलं होत नाही.

वाचनाचं थोडक्यात. धड्याचा व्हिडिओ चार वेळा ऐकला की मुलाला धडा पाठ होतो आणि ते पुस्तकावर बोट ठेवून घडाघडा म्हणतं. आजीला वाटतं, वाचतंय. त्याला त्याच धड्याचं शेवटचं वाक्य शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. पाठ केलेलं मूल तिथे अडतं, वाचणारं मूल सावकाश पण वाचतं. जोडाक्षरांचे पाच शब्द घाला, फोनवरसुद्धा श्रुतलेखन चालतं, फक्त शब्द दोनदाच सांगायचा.

वेळेचंही सांगायला हवं. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीला रोज पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं, यापेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा होती. आठ वर्षांच्या मुलाला एवढंही जड जातं. चार मुलांचा एक कॉन्फरन्स कॉल, पंधरा मिनिटं, प्रत्येकाला एक गणित बोलून सोडवायला लावलं, तर त्याचा उपयोग जास्त. घरच्या मोठ्यांनी त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा आणि मागून उत्तर सांगू नये. ही कळकळीची विनंती आहे. काकाने मागून ‘पंचवीस’ म्हटलं की बाईंचा तो फोन फुकट गेला.

आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या वाटेवर, १९८९ पासूनचं मुक्त विद्यापीठ आहे. दुरून शिकणं नाशिकला नवं नाही. पण तिथे शिकणारा मोठा माणूस असतो, अडला की तो स्वतः विचारतो. तिसरीतल्या मुलाला आपण अडलोय हेच कळत नसतं. पस्तीस लिहून ते खुशीत खेळायला जातं.

जुलै २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आला, मागच्या इयत्तेची उजळणी म्हणून. ज्या शिक्षकांनी त्याच्या चाचण्या मुलांना समोर बसवून, बोलतं करून घेतल्या, त्यांना त्याचा फायदा झाला. जिथे चाचणीचाही फोटोच मागवला गेला, तिथे पुन्हा सगळ्या वह्यांत २५.

अतिवृष्टीच्या सुट्टीत मूल घरी असेल, किंवा आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे नातवंडं तुमच्याकडे असतील, तर आज रात्री जेवणं झाल्यावर एक गणित घाला. कागदपेन्सिल जवळ असेल तर आत्ता लिहून घ्या: सत्तर वजा शेहेचाळीस, म्हणजे ७० वजा ४६. बरोबर उत्तर २४. ३६ आले तर उलटी वजाबाकी. ३४ आले तर सत्तराच्या साताचे सहा करायचे राहिले. आणि ३० आले तर शून्यातून सहा जात नाही म्हणून मुलाने शून्यच लिहिलाय. या तिसऱ्या चुकीला सात जुड्या पुढे ठेवा, सुटी काडी एकही ठेवू नका, आणि सहा सुट्या काड्या मागा. रबर कधी काढतंय ते बघा.

नमस्कार.