पन्ह्यातून निघालेला चणिया

(दृश्य: मंगळबाजार, संध्याकाळ. गर्दी.)

नवरात्राला तीन आठवडे उरले की बडोद्याच्या मंगळबाजारात आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला पुढे नेते. आरशांच्या लेसा, कवड्या, घुंगरं, आणि दोरीवर टांगलेले तयार चणिये, म्हणजे गरब्याचे घेरदार घागरे. मावशी त्या चणियांकडे बघतसुद्धा नाही. एका गाळ्यापाशी थांबते, ताग्याची कड दोन बोटांत धरते आणि विचारते, "पनो केटलो, भाई?"

भाव नंतर. आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी.

"चुंमाळीस," दुकानदार सांगतो. चव्वेचाळीस इंच. मावशी मान हलवते आणि दोन मीटर फाडायला सांगते. पाच कळ्यांचा की सोळा कळ्यांचा, कंबर किती, घेर किती, सगळा हिशेब त्या एका आकड्यावर तिच्या डोक्यात झालेला असतो. मी विचारलं, "मावशी, कुठे लिहून ठेवलंयस का?" तर म्हणाली, "पोळ्या लाटताना लिहून घेतेस का तू?"

(दृश्य: दांडिया बाजारातलं घर. पलंग भिंतीला लावलेला. जमिनीवर धुतलेलं कापड.)

कापड रात्री भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलंय. सुती आहे, आटायचं ते आधीच आटू दे. शेजारी टेप, खडू आणि कात्री. कापण्याआधी काढायचा कागदी नमुना नाही. उलट या कात्रीने कुणी कागद कापला तर घरात दोन दिवस अबोला असतो, कारण कागदाने धार जाते.

दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. त्याचे दोन तुकडे, प्रत्येकी ३९ इंचांचे. उंची ३६, वर नाडीच्या नेफ्याला दीड, खाली दुमडायला एक, अर्धा इंच कमी-जास्त. आता पन्हा ४४, त्याचे चार भाग, ११-११ इंचांचे. कडेला कात्रीचा एक चिमटा, आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन.

(आवाज: कापड फाटल्याचा. तो इथे पूर्ण ऐकू द्यायचा.)

फाडलेलं कापड धाग्यावर सरळच जातं. कात्रीचा हात वाकडा जाऊ शकतो.

आता खरी गंमत. एक पट्टी समोर, ११ रुंद, ३९ लांब. वरच्या कडेला डावीकडून तीन इंचांवर खडूची खूण. खालच्या कडेला उजवीकडून तीन इंचांवर खूण. मावशी या दोन खुणा जोडणारी घडी घालते, नखाने दाबते, आणि घडीवरून कापते. दोन तुकडे होतात. त्यातला एक उलटा फिरवला की दोन्ही सारखे: वर तीन इंच, खाली आठ. याला कळी म्हणतात. एका पट्टीत दोन, एका तुकड्यात आठ, दोन मीटरांत सोळा. जमिनीवर चिंधी पडलेली नाही.

शिवणीला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत जातो. म्हणजे वर दोन उरले, खाली सात. सोळा कळ्या: कंबर ३२, घेर ११२. कमरेचे जास्तीचे इंच नाडी गोळा करते.

आत गेलेल्या त्या अर्ध्या इंचाला आपल्याकडे माया म्हणतात. मुलगी वाढली की उसवून मोठं करायला ठेवलेली. शब्द कुणी बनवला माहीत नाही, पण तो बनवणाऱ्याच्या घरात मुली असणार.

जोडताना एक काळजी. प्रत्येक कळीला एक कड सरळ आणि एक तिरपी. तिरपी कड ओढली की वाढते. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर शिवणीला झोळ येतो. म्हणून तिरपीला नेहमी सरळ जोडायची. सरळ कड तिला धरून ठेवते. शेवटी खालचा काठ थोडा वरखाली दिसतो, तो दुमडण्याआधी समान कापून घ्यायचा.

(दृश्य: हातमाग, धोटा. मग मावशीची कपाटातली जुनी गाठोडी.)

ही पद्धत मावशीची नाही, तिच्या आईचीही नाही. हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा ओढून नेणारं साधन, एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. विणणाऱ्याचे हात पोहोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. इंग्लंडमध्ये १७३३ साली जॉन केने धावता धोटा काढला, तेव्हा एकट्या माणसाला रुंद कापड विणता येऊ लागलं. त्याआधी अरुंद कापडातून घेर काढायचा तर जोडकामाशिवाय इलाज नव्हता. अंगरखा, कळीदार कुर्ता, बगलेत घातलेला चौकोनी तुकडा, सगळे त्याच अडचणीतून आले. हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाची चिंधी टाकून देणं कुणाला परवडणार? मापामापाचे कागदी नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने विकायला काढले ते १८६३ मध्ये. आपली कुंची नि झबली तेव्हाही घडी घालूनच बेतली जात होती.

मावशीची आई महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकली. संस्था १९१४ सालची. मावशीने मात्र नंतर एका क्लासात खाकी कागदावर कटिंग केलं, वही भरली, आणि लग्नानंतर ती वही उघडली नाही.

(दृश्य: जुना चणिया, मोरांचं छापील कापड.)

हा तिचा पहिला चणिया. नीट बघा. सोळा कळ्या, प्रत्येकीवर मोर. आठ मोर सरळ उभे आहेत. आठ डोक्यावर.

कळी उलटी फिरवताना कापडावरची नक्षीही फिरते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शिवून, काठ लावून झाल्यावर लक्षात आलं. आई म्हणाली, "गोल फिरताना कोण बघतंय?" आणि गरब्यात खरंच कुणी बघितलं नाही. पण मावशीने पुन्हा एकाच दिशेची नक्षी घेतली नाही. मखमलीचंही तसंच, लव उलटी झाली की रंग वेगळा दिसतो.

सोळा कळ्यांऐवजी गोल, छत्रीचा घेर हवा असेल तर कापड दुपटीहून जास्त, साडेचार मीटरच्या आसपास. कमरेच्या भोकाची त्रिज्या काढायला कंबर सहाने भागायची आणि पाव इंच कमी धरायचं. कंबर ३० असेल तर पावणेपाच. भोक लहान झालं तर वाढवता येतं. शिवून झाल्यावर रात्रभर टांगून ठेवायचा, कारण उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याचा, भाग खाली ओघळतो. मगच काठ दुमडायचा. ही घाई केली की चणिया एका बाजूने लांब.

चोळीचं काय? इथे मावशीही सावध होते. छातीचे टक्स, मुंढ्याची गोलाई, पाठीचा गळा, हे पन्ह्यात सापडत नाही. ती कपाटातून मापाचा ब्लाऊज काढते, अर्धा घडी घालून कापडावर ठेवते, खडू फिरवते, माया सोडते. अंगावर नीट बसणारा जुना ब्लाऊज हाच नमुना. कापड हळदीकुंकवात ओटीत आलेलं. असे कोरे ब्लाऊज पीस मराठी कपाटात किती साठतात ते सांगायला नको.

शर्टाची कॉलर? "ती कागदावरच," मावशी कबूल करते. "दोन्ही टोकं सारखी नाही आली तर माणूस लग्नात मान वाकडी करून बसल्यासारखा दिसतो." मी स्वतः तर पँटही कागदाशिवाय कापणार नाही. एकदा कापली होती. तिची पिशवी झाली.

(दृश्य: रात्र. नेफ्यात नाडी ओवणं.)

सगळं झालंय. नेफ्यातून नाडी तेवढी ओवायची आहे. टोकाला सेफ्टी पिन, चुण्या मागे सारत सारत पिन पुढे. निम्म्या वाटेवर मावशी थांबते. बोटांनी चाचपडते. आत पिन उघडली आहे, नाडी मागेच राहिली.

"घे," म्हणते, आणि चणिया माझ्या मांडीवर टाकून चहा ठेवायला उठते.