शर्टाचा रंग

नमस्कार मंडळी,

परवा एका मोठ्या फसवणुकीची बातमी वाचत होते. रक्कम किती, फसलं कोण, हे सगळं नंतर. माझी नजर आधी आरोपीच्या आडनावावर गेली. आपल्यातलं नव्हतं. मला चक्क हायसं वाटलं! गुन्ह्याशी माझा काडीचा संबंध नव्हता, तरी आडनाव ओळखीचं निघालं असतं तर मान खाली गेली असती.

मानसशास्त्रज्ञ इलियट स्मिथ यांनी १९९३ मध्ये याची उकल मांडली. गट हा आपल्या 'मी'चाच भाग होऊन बसतो, म्हणून गटाचं यश, अपमान, अपराध आपल्याला स्वतःचे असल्यासारखे भिडतात.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांना आधी त्यांच्या संघाविषयी प्रश्न विचारले आणि मग दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक तरुण धावत येतो, घसरून पडतो, घोटा धरून कळवळतो. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. लिव्हरपूल या प्रतिस्पर्धी संघाचा शर्ट असताना १० पैकी ३. साधा शर्ट असताना १२ पैकी ४. म्हणजे प्रतिस्पर्धी आणि अनोळखी माणूस जवळपास सारखेच. मला यात द्वेष दिसत नाही. आपल्या माणसासाठी पोटात जे तुटतं, ते इतरांसाठी तुटलं नाही, एवढंच. आणि तेवढं पुरतं, वेदनेत पडलेल्या माणसाला ओलांडून जायला.

पुढच्या खेपेला प्रश्न संघाविषयी नव्हते, फुटबॉलप्रेमी असण्याविषयी होते. आता लिव्हरपूलच्या शर्टासाठी १० पैकी ७ जण थांबले. तोच शर्ट, तोच घोटा.

आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आयतेच आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की तो आत. तरी "आम्ही सुरुवातीपासूनचे" हे वाक्य मंडळात मी स्वतः कितीदा बोलले आहे! एकदा ते ऐकून एक नवी सभासद गप्प झाली, पुढच्या सभेला आलीच नाही. तिला फोन करायला मला तीन महिने लागले.

आज ती इथे बसली आहे, याचा मला फार आनंद आहे. पण त्या दुसऱ्या खेपेलाही साध्या शर्टातल्या तरुणासाठी ९ पैकी फक्त २ जण थांबले होते, आणि तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.