पेजेची निवळ

(दृश्य: मालवण, दांडीचा किनारा. पहाट. रापणीची दोरी ओढणारी माणसं, समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला.)

रापण ओढायला माणसं उभी राहिली की किनाऱ्यावरची कुत्री त्यांच्या मागे येऊन बसतात. जाळं काठाला लागेपर्यंत जागची हलत नाहीत. त्यांतली ही तांबडी कुत्री जूनच्या शेवटी माझ्या मावशीच्या पडवीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगावर व्याली. पाच पिल्लं. सगळ्यांत बारक्याचं नाव मावशीच्या नातवाने ठेवलं पेडवो.

पिल्लं दोन महिन्यांची होत आली तेव्हा त्यांतली दोन एकाच दिवशी गेली. शेजारी म्हणाले, विषारी केंड मासा खाल्ला असणार. कुणी म्हणालं, विष घातलं. मलाही ते पटलं, आणि त्यात एक रात्र फुकट गेली. ती रात्र मला अजून लागते.

सकाळी पेडवोने पांढरा फेस ओकला. दुपारी जुलाब, त्यात रक्त. आयुष्यभर मासळी विकलेली मावशी त्या वासाने पदर नाकाला लावून मागे सरली.

(दृश्य: दवाखान्याचं टेबल. टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू.)

डॉक्टरांनी विष्ठेचा नमुना छोट्याशा किटवर तपासला. थोड्या वेळात दोन रेघा उमटल्या. पार्वो.

कुत्र्यांमधला हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला १९७८ मध्ये, आणि दोनेक वर्षांत तो जगभर पोचला. शरीरात जिथे पेशी भराभर तयार होतात तिथेच तो शिरतो. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. ते नवं करणाऱ्या पेशीच मरतात. मग अस्तर सोलवटतं, अंगातलं पाणी वाहून जातं आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. विषाणू तिथेही पोचलेला असतो. माणसांना हा आजार होत नाही, पिल्लाला मात्र उपचाराविना दोन-तीन दिवसांतही संपवू शकतो.

डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, विषाणू मारणारं औषध माझ्याकडे नाही. सलाईनने पाणी आणि क्षार भरून काढायचे, ओकारी थांबवायची, जंतूंसाठी अँटिबायोटिक द्यायचं. बाकीचं त्याचं शरीर करेल, तेवढे दिवस त्याला टिकवून धरायचं.

मावशी म्हणाली, "धरतंय मी."

(दृश्य: पडवी. छत्रीच्या खुंटीला सलाईनची बाटली. बाहेर पाऊस.)

सकाळी दवाखाना, रात्री ही पडवी. पुढच्या पायावरचे केस भादरून तिथे सुई बसवलेली, वर चिकटपट्टी. अंग गार पडत होतं म्हणून कोमट पाण्याची बाटली मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कुशीला ठेवलेली. डॉक्टरांनी मला एक गोष्ट शिकवली होती. ओठ उचलायचा, हिरडी दाबायची, बोट काढायचं. उमटलेला पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला पाहिजे. त्या रात्री मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ओकारी आली नाही. पूर्वी अशा पिल्लाला बरेच दिवस उपाशी ठेवत. आता ओकारी आवरली की लगेच थोडं थोडं पोटात घालायला सांगतात, कारण आतड्याच्या पेशींना पोटात आलेल्या अन्नाचाच आधार लागतो. मावशीने उकड्या तांदळाची पेज केली, बिनमिठाची. वरची निवळ वाटीत काढली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. सुई काढलेली सिरिंज गालाच्या कडेने आत सरकवली आणि दांडा इतका हळू दाबला की मला तो हलताना दिसेना. पेडवोने जीभ हलवली. गिळलं.

आम्ही तिघं त्याच्या पोटाकडे बघत बसलो. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास.

"रवला गो पोटात," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मग रात्रभर तेच. थोडी निवळ, थोडा वेळ, पुन्हा थोडी. पाचव्या दिवशी पेजेत उकडलेल्या कोंबडीचे चार धागे. सातव्या दिवशी पहिली घट्ट शी झाली, तेव्हा नातू ओरडत शेजारीपाजारी सांगून आला.

(दृश्य: अंगण. जांभ्या दगडाचा गडगा, शेणाने सारवलेली जमीन.)

पण आजार अंगणात राहिला होता. हा विषाणू ओलसर, सावलीच्या जागी कित्येक महिने, वर्षभरही टिकतो. फिनेलने तो मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पडवीच्या लादीला ते जमलं. सारवलेल्या जमिनीला कसं जमणार? शेणामातीत ब्लीचचा जोर मरतो, आणि जांभ्याला तर भोकंच भोकं. अंथरलेली किलतानं, म्हणजे गोणपाटं, जाळली, जाळ्यांचा ढीग हलवला, आणि ऊन पडायची वाट पाहिली. भाद्रपदात इथे ऊन मागून मिळत नाही.

बरं झालेलं पिल्लूही काही आठवडे विष्ठेतून विषाणू सोडत राहतं. म्हणून पेडवो महिनाभर मागच्या खोपीत एकटा. उरलेल्या दोघांना लस टोचून घेतली. पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका टोचणीवर भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली ताकद लसीला आडवी येते आणि ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं. गेलेल्या दोघांना पहिलीही मिळाली नव्हती. आम्हाला माहीतच नव्हतं.

(दृश्य: पुन्हा किनारा. जाळं वर येतंय.)

रांगेच्या टोकाला, आईच्या मागे, बसलाय तो पेडवो. उजव्या पायावर भादरलेल्या जागी केस अजून आखूड आहेत. जाळं काठाला लागलं. सगळी कुत्री उठली. तो उठला नाही, मावशीकडे बघत राहिला.

"काय रे झिला," मावशी म्हणाली, "पेज व्हयी?"

(पडदा काळा.)