इंधनाची वाट: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

[दृश्य: उघडलेलं बॉनेट. सुती वेष्टणाची जुनी इंधननळी, अगदी जवळून.]

ही नळी नीट बघा. वरचं सुती विणकाम जागच्या जागी आहे. कुठे ओघळ नाही, डाग नाही. ज्याची गाडी असेल तो म्हणेल, इतकी वर्षं टिकली आहे, उगाच कशाला हात लावायचा?

[दृश्य: नळी काढून ब्लेडने उभी चिरली जाते.]

आता आत बघा. रबर ताठ झालंय, भेगाळलंय. बोटांत जरा वाकवलं तर तुकडे पडतात. वरच्या विणकामाने हे सगळं झाकून ठेवलं होतं. इंधनाची नळी आतून खराब होत जाते आणि बाहेर ओलावा दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून जुन्या गाडीत नळीच्या दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तिचं वय विचारायचं.

वयाच्या जोडीला आणखी एक कारण आहे. ही गाडी बनली तेव्हाचं पेट्रोल आता राहिलेलं नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ई10 म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत, ई20 म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत. जुन्या नळ्यांचं नायट्राइल रबर इथेनॉलमुळे फुगतं, मऊ पडतं. गाडी बरेच महिने उभी राहिली, नळ्या कोरड्या पडल्या, की तेच रबर आकसतं आणि तडकतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे टाकी आणि लोखंडी पाइप आतून गंजू लागतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकट गाळ त्याने सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो.

[दृश्य: जॅकस्टँडवर उचललेली गाडी. टाकीकडून पुढे जाणारा पाइप.]

गाडीत जुना यांत्रिक पंप असेल तर तो इंजिनला लागून बसवलेला असतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लांबी ओढीची बाजू झाली. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंतचा, छोटा तुकडा दाबाचा. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मे दोष जागेवर सापडतात. दाबाच्या बाजूला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, डाग दिसतो. ओढीच्या बाजूला भोक पडलं तर पंप तिथून हवा ओढतो आणि खाली एक थेंबही पडत नाही. गाडी गावात बरी चालते, चढाला किंवा वेगात आचके देते. मग कार्बोरेटर उघडला जातो, जेट साफ होतात, प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते. दोष मात्र मागच्या चाकाजवळच्या वीतभर रबरात असतो.

कधी नळीचा आतला थर सुटतो. पंपाने ओढ घेतली की तो आत झुकून वाट अडवतो. गाडी काही अंतर जाऊन बंद पडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते. याला लोक लगेच व्हेपर लॉक म्हणतात, म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली असं समजतात. तसं ठरवण्याआधी ती नळी एकदा चिरून बघावी.

याच कारणाने जुन्याच नळ्यांवर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं मला धोक्याचं वाटतं. कालपर्यंत जी लांबी ओढीची होती ती आता दाबाखाली येते. जिथून हवा आत जात होती तिथूनच पेट्रोल बाहेर पडणार. आधी नळ्या, मग पंप. आणि त्या पंपाला धडक बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच हवाच.

[दृश्य: बॅटरीची ऋण तार सोडवताना.]

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार काढायची. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ होते. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, म्हणून खाली उतरते आणि साचते. हे काम खड्ड्यात उतरून करू नका. काचेच्या बल्बचा हातदिवा नको. तापलेल्या काचेवर पेट्रोलचा थेंब पडला की बल्ब फुटतो. बंदिस्त एलईडी टॉर्च घ्या. आग विझवायचं उपकरण हाताशी ठेवा. आणि रिकामी टाकी निर्धोक समजू नका, तिच्यात वाफच भरलेली असते.

[दृश्य: नव्या नळीवरची छापील अक्षरं.]

नवी नळी घेताना तिच्या अंगावरची अक्षरं वाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे30 मानकातली आर7 ही कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी. आर9 ही इंजेक्शनसाठी, म्हणजे दाबाने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेसाठी; तिच्या आत फ्लोरोइलास्टोमर या खास रबराचं अस्तर असतं आणि ते इथेनॉलला दाद देत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत दाब जेमतेम 2 ते 6 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो, त्यामुळे आर9 तिथे गरजेपेक्षा जास्त दणकट आहे. तरीही मी तीच घालते, कारण मला दाबापेक्षा अस्तराची काळजी जास्त आहे. के-जेट्रॉनिक या बॉशच्या यांत्रिक इंजेक्शनच्या गाडीत प्रश्नच नाही. तिथे दाब 5 बारच्या, म्हणजे सुमारे 70 पीएसआयच्या घरात असतो, आर7ला तिथे जागा नाही. टाकीच्या आत, इंधनात बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर10 लागते. बाहेरची नळी आत घातली तर तिची बाहेरची बाजू विरघळू लागते.

मापाकडेही लक्ष हवं. 5/16 इंचाचा पाइप 7.94 मिलिमीटर भरतो, त्यावर 8ची नळी चालते. पण पाव इंच म्हणजे 6.35. त्यावर 6ची नळी जोर लावून चढवली तर ती आतून फाटते आणि 6च्या पाइपवर पाव इंची नळी घातली तर क्लॅम्प कितीही आवळा, पाझर राहतोच.

[दृश्य: दोन क्लॅम्प शेजारी शेजारी.]

डावीकडच्या क्लॅम्पच्या पट्टीला खाचा आहेत. आवळताना त्या रबर कापतात. उजवीकडचा अखंड पट्टीचा, कडा बाहेर वळवलेला. हा घ्या. पाइपच्या टोकाला उठलेली कडी असते. क्लॅम्प तिच्या मागे बसला पाहिजे, तिच्यावर नाही.

धातूच्या पाइपसाठी तांबं मोहात पाडतं, हाताने वाकतं. पण इंजिनाच्या थरथरीने ते कडक होत जातं आणि चिरतं. तांबं-निकेलचा मिश्रधातू गंजत नाही, वाकतोही सहज. जुना पाइप लगेच फेकू नका. वळण कुठे, क्लिप कुठे, हे सगळं त्यावर लिहिलेलं आहे, त्याला नमुना ठेवूनच नवा घडवा. कापल्यावर आतली कड साफ करा, नट आधी पाइपवर सरकवा आणि मगच टोक फ्लेअर करा, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवा.

[दृश्य: फ्लेअर केलेलं टोक, प्रकाशात फिरवताना.]

फ्लेअरचा कोन पाहायचा. एसएईचा 45 अंश, एएन या लष्करी-विमान मानकाचा 37. दोन्ही वरवर सारखे दिसतात, आटेही कधीकधी जुळतात, पण एकात दुसरा आवळला तर पृष्ठभाग पूर्ण टेकत नाही. मग माणूस आणखी जोर लावतो आणि पितळी फिटिंग तडकतं. हा जोड धातूवर धातू टेकून बंद होतो, त्यावर टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपचा एखादा धागा तुटून कार्बोरेटरमधलं पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली अडकला की कार्बोरेटर भरून वाहू लागतो. बँजो बोल्टचे, म्हणजे ज्याच्या पोकळीतून इंधन जातं त्या बोल्टचे, तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. नट सोडवायला साधा पाना नको, फ्लेअर नटचा पाना वापरा, नाहीतर कोपरे झिजतात.

फोक्सवॅगन बीटल असेल तर आणखी एक जागा तपासा. कार्बोरेटरमध्ये इंधन नेणारी छोटी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते आणि कालांतराने ढिली पडते. ती निघाली तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं. या इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते एकदा पेटलं की पाण्याने आणखी भडकतं.

टाकीच्या तोंडाशी असलेली जाड नळी, वाफेची बारीक नळी आणि इंधनमापकाखालचं गॅस्केट, हे तीन भाग हमखास विसरले जातात. डिकीत पेट्रोलचा वास येत असेल तर सुरुवात तिथूनच करा.

काही मालकांना मूळ रबर बदलणं जिवावर येतं, कारण गाडीचं जुनेपण जपायचं असतं. ती ओढ मला मनापासून कळते. तर मग पाइपचा मूळ मार्ग जपा, मूळ क्लिपा घासूनपुसून परत लावा, पितळी फिटिंग सांभाळा. रबर मात्र कारखान्याने कधीही कायमचं म्हणून बसवलं नव्हतं.

[दृश्य: कोरडा कागदी रुमाल एकेका जोडावर.]

इंजिन चालू करण्याआधी दाब आणून बघायचं. इलेक्ट्रिक पंप असेल तर फक्त किल्ली फिरवून. यांत्रिक असेल तर कॉइलची तार काढून स्टार्टर मारायचा. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओल लगेच उमटते. मग इंजिन चालवा, गरम होऊ द्या, बंद करा, पुन्हा कागद. पहिल्या फेरीनंतर गार झालेल्या गाडीवर पुन्हा एकदा, कारण नवं रबर बसतं आणि क्लॅम्प अर्धा आटा सैल पडतो. नळीवर छापलेलं उत्पादनाचं वर्ष गाडीच्या वहीत उतरवून ठेवा आणि शेजारी बसवल्याची तारीख लिहा.