पाच बारांची बंदूक

[दृश्य: कौलांवरून गळणारं पाणी. सोप्यात अंथरलेलं पोतं, त्यावर बंदूक.]

सातारा जिल्ह्यातलं पाटण खोरं. वर कोयनानगरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या हवेत कोयता पुसून ठेवला नाही तरी गंज चढतो, मग बंदुकीचं काय! फौजेतून निवृत्त झालेले नाना पावसाळ्यात दर आठवड्याला ती काढून बसतात. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), बेल्जियममध्ये घडलेली, आपोआप काडतूस चढवणारी ब्राउनिंग ऑटो-५, वडिलांच्या परवान्यावरून वारशानं आलेली. पुतण्या शिकायला शेजारी बसलाय.

"नाना, मॅगझीन रिकामं हाय."

"बोट घालून बघितलंस का?"

पुतण्या मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसं भरून ठेवायच्या नळकांड्यात, बोट घालतो, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथं. काडतुसांचा डबा आधीच आतल्या खोलीत कुलपात ठेवलाय.

[दृश्य: पुढची टोपी फिरवून सुटी होते. लाकूड निघतं, नळी निघते.]

जॉन ब्राउनिंग यांनी या रचनेचं पेटंट १९०० साली मिळवलं. बार उडाला की नळी आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा पोलादी ठोकळा, एकमेकांना धरून मागं सरकतात. मग नळी पुढं जाते, बोल्ट मागं राहतो, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. मॅगझीनमध्ये चार, चेंबरमध्ये एक. एवढी वजनदार नळी प्रत्येक बाराला मागं येते, तिचा धक्का सोसायला मॅगझीनच्या नळकांड्यावर एक लांब स्प्रिंग आहे, एक पोलादी रिंग आणि ब्राँझची एक कडी. या बंदुकीचं सगळं आयुष्य या तीन वस्तूंवर आहे, आणि नेमकं इथंच कुणी बघत नाही.

[दृश्य: जवळून. नानांच्या तळहातावर रिंग. एक बाजू सपाट, दुसरी आतून तासलेली.]

भारी काडतूस वापरायचं असेल तर ही रिंग स्प्रिंगच्या पुढं बसते, तासलेली बाजू ब्राँझच्या कडीकडं. दोन्ही एकमेकांत दाबल्या जातात, कडी नळकांड्याला आवळून धरते आणि नळीचा वेग मोडतो. हलक्या काडतुसाला एवढा अडसर नको, म्हणून तीच रिंग काढून स्प्रिंगच्या मागं, बंदुकीच्या अंगाला टेकवून ठेवायची. उलटं झालं तर? भारी काडतुसाला रिंग मागंच राहिली की प्रत्येक बाराला आत हातोडा बसतो, पुढचं लाकूड चिरतं. ऑटो-५ मध्ये सर्रास दिसणारी चीर बहुतेक वेळा अशीच आलेली असते.

तेलाचंही तसंच. नळकांडं कोरडं असलं की अडकतं, तेलानं निथळत असलं की कडी घसरते. नाना तेलाची चिंधी फिरवतात, वर कोरडी फिरवतात. बोटाला जाणवेल न जाणवेल एवढाच थर राहतो.

[दृश्य: गजाला चिंधी. पहिली काळी निघते, नंतरची करडी, मग पांढरी.]

नळी नेहमी चेंबरच्या बाजूनं साफ करायची. पुसून झाल्यावर बंदूक रात्रभर तोंड खाली करून ठेवतात. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, खाली राहिला तर तेल ओघळून लाकडात मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. दस्त्याला जवसाचं उकळलेलं तेल, तेही तळव्यानं चोळून.

[दृश्य: नळीवरची खूण. पुतण्या भिंग धरून वाचतो.]

युरोपात घडलेल्या जुन्या बंदुकांवर चेंबरची लांबी बहुतेकदा मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ६५ किंवा ७०. काडतुसावरचा आकडा मात्र ते उडून उलगडल्यानंतरच्या लांबीचा. म्हणजे सत्तरचं काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, पण उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. खोऱ्यातल्या प्रत्येक जुन्या बंदुकीची ही खूण आज संध्याकाळीच वाचली जावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

[दृश्य: शहरातल्या परवानाधारक कारागिराचं दुकान. काउंटरवर दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी.]

जुनी स्प्रिंग नव्यापेक्षा आखूड झालेली दिसते. दाबून दाबून तिनं दम सोडलाय. नवी स्प्रिंग, नवी कडी आणि खांद्याशी रबरी पॅड, एवढीच सुधारणा नानांनी करून घेतली, आणि तीही परवानाधारक कारागिराकडून. या बंदुकीला याहून जास्त काही लागत नाही. नळी कापून आखूड करणं हा गुन्हा आहे, शिक्षा होते. रानडुकरावर बार टाकायचा तर वनविभागाची परवानगी लागते.

कारागीर रिंग हातात घेऊन पुतण्याला विचारतो, "भारी काडतुसाला तासलेली बाजू कुणीकडं?"

पुतण्या बोटानं कडी दाखवतो. मग बंदुकीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला जातो, वहीत नोंद होते, आणि स्प्रिंग चढवायला सुरुवात होते.